यानाचं इंजिन आणि रेडिओतली खरखर

मागच्या अंकात उपग्रहांच्या इलेक्ट्रिक इंजिनांबद्दल लिहिताना एक वाक्य सहज टाकून गेलो होतो, की ही इंजिनं धूर करत नाहीत पण रेडिओवर खरखर मात्र करतात. त्या एका वाक्यावर एवढी पत्रं आलीत की बाकीचा लेख कुणी वाचला की नाही असा संशय येतोय. असो. एकसारखे प्रश्न एकत्र केलेत आणि नावं छापायला तीन जणांनी नको म्हटलं म्हणून कुणाचीच छापली नाहीत, फक्त पत्ते.

प्रश्न: ईएमआय म्हटलं की आमच्या घरात फ्लॅटचा हप्ता आठवतो, तेव्हा आधी हा दुसरा ईएमआय काय ते सांगा. आणि या इंजिनात मोटार नाही, जळणं नाही, नुसता झेनॉन गॅस आहे, तर खरखर येते कुठून? (कर्वेनगर)

उत्तर: हप्त्याचा ईएमआय निदान ठरलेल्या तारखेला येतो, हा कधीही येतो. इलेक्ट्रोमॅग्नेटिक इंटरफिअरन्स, म्हणजे एका उपकरणाच्या विजेने दुसऱ्याच्या कामात केलेली लुडबुड. घरी बघायचं असेल तर माळ्यावरचा जुना रेडिओ काढा, मीडियम वेव्हवर ७९२ ला आकाशवाणी पुणे लावा आणि शेजारी एखादा स्वस्तातला एलईडी बल्ब नाहीतर डुप्लिकेट चार्जर लावा, बातम्यांच्या जागी माशा घोंगावायला लागतील. उपग्रहात हेच होऊ शकतं, फक्त तिथे बल्ब उठून बंद करायला कुणी नसतं.

आता येते कुठून. सगळ्यात जास्त वापरलं जाणारं इंजिन घेऊ, हॉल थ्रस्टर. एक गोल खाच असते, सिरॅमिकची, बांगडीसारखी, तिच्यात झेनॉन सोडतात, आडवं चुंबकीय क्षेत्र लावलेलं असतं त्यात इलेक्ट्रॉन अडकून गरागरा फिरत राहतात आणि गॅसच्या अणूंना धडकून त्यांचे आयन, म्हणजे विजेचा भार असलेले अणू, करतात, मग ३०० व्होल्टच्या आसपासचं व्होल्टेज त्या आयनांना बाहेर फेकतं. रशियन एसपीटी-१०० हे यातलं गाजलेलं मॉडेल, १.३५ किलोवॅट खातं, ४.५ अँपिअर करंट घेतं आणि जोर लावतं ८३ मिलिन्यूटन, म्हणजे तळहातावर आठ-साडेआठ ग्रॅमचं काहीतरी ठेवल्यासारखा. हसू नका, महिनोन्‌महिने तो जोर लागत राहिला की उपग्रह बरोबर हलतो.

लोकांना वाटतं खरखर त्या निळ्या झोतातून येते. माझं मत विचाराल तर पहिला संशय नेहमी मागच्या डब्यावर घ्यायचा, पॉवर प्रोसेसिंग युनिट, पीपीयू. सोलर पॅनलकडून येणारं व्होल्टेज कमी असतं, इंजिनाला शेकडो व्होल्ट लागतात, मग हा डबा वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून ती चढवतो. तुमच्या जिन्याखालच्या इन्व्हर्टरचाच श्रीमंत भाऊ समजा. प्रत्येक चालू-बंदला एक झटका, त्याच्या दुप्पट, तिप्पट, दसपट फ्रिक्वेन्सीची पिल्लं, आणि डब्यापासून इंजिनापर्यंत जाणारी केबल जर नीट पीळ घातलेली आणि जाळी चढवलेली नसेल तर तीच अँटेना होऊन बसते.

पण इंजिन अगदीच साधूसंत आहे असंही नाही. हॉल थ्रस्टरचा करंट स्थिर नसतो, तो श्वास घेतो, इंजिनिअर लोक त्याला ब्रीदिंग मोडच म्हणतात. रविवारी सकाळी मिसळीच्या हॉटेलात काय होतं बघा, रश्श्याचं नवीन पातेलं आलं की सगळी टेबलं एकदम तुटून पडतात, पाच मिनिटांत पातेलं खाली, मग सगळे नुसते पाव घेऊन बसलेत, मग पुढचं पातेलं, परत तीच झुंबड. इथे रस्सा म्हणजे गॅस. खाचेत गॅस भरला की इलेक्ट्रॉन त्याचा फडशा पाडतात, करंट वर उसळतो, गॅस संपतो, करंट पडतो, मागून गॅस येतो आणि परत सुरू. हे सेकंदाला दहा ते तीस हजार वेळा होतं आणि काही परिस्थितीत हा चढउतार सरासरी करंटएवढाच मोठा असतो, म्हणजे साडेचार अँपिअरचा करंट शून्याच्या जवळ जाऊन परत दुपटीला. ही धडधड केबलमधून उलटी पीपीयूत शिरते, तिथून सगळ्या उपग्रहाच्या वीजपुरवठ्यात.

आणि तिसरी भानगड, गिगाहर्ट्झमधली. एसपीटी-१०० सारख्या इंजिनांजवळ अँटेना धरून मोजमाप केली तेव्हा एक गिगाहर्ट्झ आणि त्याच्या वर, अगदी उपग्रहांच्या नेहमीच्या बँडमध्ये, बारीक-बारीक फटाके फुटल्यासारखे आवाज सापडले. इंजिनाच्या तोंडाशी इलेक्ट्रॉन पुरवणारी एक कॅथोड असते, तिच्या आसपासच्या प्लाझ्मातून, म्हणजे इलेक्ट्रॉन आणि आयन सुटे झालेल्या गॅसमधून, ते येतात. ताकद फार नसते, पण घोळ असा की उपग्रहाचा रिसीव्हर छत्तीस हजार किलोमीटरवरून येणारा आपला सिग्नल ऐकायला कान लावून बसलेला असतो. समोरच्या गल्लीतून कुणी हळू हाक मारतंय आणि तुमच्याच घरात कुणी शेंगदाणे फोडतंय, तसलं. ट्रान्समिटरला काही फरक पडत नाही, त्रास होतो तो ऐकणाऱ्याला.

दुसऱ्या जातीच्या इंजिनात, जाळ्यांच्या आयन इंजिनात, वेगळा प्रकार. तिथे दोन जाळ्या एकमेकींपासून एक मिलिमीटरहून कमी अंतरावर आणि मध्ये हजारभर व्होल्ट, मग अधूनमधून ठिणगी पडणारच. नासाचं डीप स्पेस वन यान २४ ऑक्टोबर १९९८ ला उडालं, १० नोव्हेंबरला इंजिन चालू केलं तर साडेचार मिनिटांत आपोआप बंद पडलं, सगळ्यांचे चेहरे पडले, दोन आठवड्यांनी परत चालू झालं आणि मग पुढे सोळा हजार तासांहून जास्त चाललं. जाळ्यांच्या फटीत काहीतरी बारीक कण अडकला असावा असा अंदाज होता. अशी ठिणगी पडली की पीपीयू क्षणभर वीज तोडतो आणि परत देतो, आणि तो तोडण्या-जोडण्याचा झटकाही खरखरीत जमा धरायचा.

प्रश्न: वय ७८. शॉर्टवेव्हवर रेडिओ सिलोन ऐकत मोठा झालो. यान पृथ्वीवर परतताना त्याच्याभोवती प्लाझ्मा तयार होऊन संपर्क तुटतो हे वाचलं आहे. मग ज्या यानाचं इंजिनच प्लाझ्मा फेकतं त्याच्याशी हे लोक बोलतात कसे? (नारायण पेठ)

उत्तर: काका, तुम्ही सिलोन ऐकलंय म्हणजे उत्तर तुमच्या कानात आधीच आहे. शॉर्टवेव्ह आपल्यापर्यंत यायची ती वरच्या आयनोस्फिअरवर आपटून, आणि आयनोस्फिअर म्हणजे पातळसा प्लाझ्माच की. पण एफएम त्यावर आपटून येत नाही, आरपार निघून जातं. का, तर प्रत्येक प्लाझ्माची एक हद्द असते, तिच्या खालची फ्रिक्वेन्सी परत फिरते, वरची पार होते.

हद्द काढायचा हिशोब सोपा आहे. एका घनमीटरमध्ये इलेक्ट्रॉन किती ते घ्यायचं, वर्गमूळ काढायचं, ९ ने गुणायचं, उत्तर हर्ट्झमध्ये. भर दुपारी आयनोस्फिअरमध्ये एका घन सेंटिमीटरला साधारण दहा लाख इलेक्ट्रॉन असतात, घनमीटरला त्याच्या दहा लाख पट, वर्गमूळ परत दहा लाख, गुणिले ९ म्हणजे ९० लाख हर्ट्झ, ९ मेगाहर्ट्झ. तिरकस गेलेली लहर याच्या वरची असली तरी परत येते म्हणून तुम्हाला १५ मेगाहर्ट्झवरचीही स्टेशनं लागायची.

आता परतणारं यान. त्याच्याभोवती हवा एवढी तापते की घन सेंटिमीटरला लाख कोटीच्या घरात किंवा त्याहून जास्त इलेक्ट्रॉन होतात, हद्द जाते ९ गिगाहर्ट्झ आणि वर, मग दोन गिगाहर्ट्झवर बोलणाऱ्या रेडिओची बोलती बंद. इलेक्ट्रिक इंजिनाच्या झोतात तोंडापासून मीटरभर मागे आलात तर शंभर कोटी ते हजार कोटी, म्हणजे हद्द २८० ते ९०० मेगाहर्ट्झच्या दरम्यान. डिश टीव्हीचा बँड ११-१२ गिगाहर्ट्झचा, त्याला हा झोत दिसतसुद्धा नाही म्हटलं तरी चालेल. डीप स्पेस वन इंजिन चालू ठेवूनच आठ गिगाहर्ट्झवर घरी बोलत होतं. शिवाय अँटेना झोतात खुपसून कुणी बसत नाही, इंजिन एका बाजूला, अँटेना दुसऱ्या.

तरी एक बारकी खोच आहे. हद्दीच्या वर असलेली लहर पार होते पण झोतातून जाताना तिची लय थोडी सरकते, फेज शिफ्ट. किती सरकते ते मध्ये इलेक्ट्रॉन किती यावर, आणि इलेक्ट्रॉन किती तर ते आपलं मिसळीचं पातेलं ठरवतं. म्हणजे सेकंदाला वीस हजार वेळा झोत दाट-पातळ होत असेल तर सिग्नलची लयही तेवढ्याच वेळा हलकीशी हलते, आणि मूळ सिग्नलच्या दोन्ही बाजूंना वीस-वीस किलोहर्ट्झवर छोटे जुळे उभे राहतात. खालच्या फ्रिक्वेन्सीला हे जास्त, वर कमी. त्यामुळे डिझाइन करताना अँटेनापासून पृथ्वीपर्यंतची रेघ झोताला कुठे शिवते का हे आधी कागदावर तपासतात.

प्रश्न: आमचं युनिट ई-रिक्षाचे मोटर कंट्रोलर बनवतं. पहिल्यांदा ईएमसी टेस्टला, म्हणजे खरखर मर्यादेत आहे का ते तपासायला, नेला तेव्हा सपशेल फेल, मग फेराइट रिंग, वाय-कॅपॅसिटर असले खरखर अडवणारे पार्ट टाकून कसाबसा पास केला. तिकडे काही भारी जादू वापरतात की आमच्यासारखंच? (भोसरी)

उत्तर: तुमच्यासारखंच हो, अगदी तुमच्यासारखंच, फक्त पार्टची किंमत विचारू नका. पीपीयू आणि थ्रस्टरच्या मध्ये फिल्टर युनिट म्हणून एक डबा असतो, उघडला तर आत कॉइल आणि कॅपॅसिटर. केबलला पीळ, वरून जाळी, जाळीचं तोंड कनेक्टरच्या गोलाईला सगळीकडून टेकलेलं, शेपटी काढून एका स्क्रूला बांधलेलं नव्हे. (ती शेपटी काढायची सवय भोसरी-चाकणला पण फार आहे, मी डोळ्यांनी बघितलीय, तेवढी मोडली तरी निम्मे फेल पास होतील.) मर्यादांसाठी अमेरिकेचं मिल-स्टँडर्ड ४६१ आणि युरोपचं ईसीएसएस, तारेतून काय बाहेर जातं, हवेतून काय जातं, बाहेरचं किती सोसतं, हे सगळं तुमच्या ओळखीचंच.

फरक सुरू होतो लोडपाशी. तुमची मोटार कशीही असली तरी फिल्टर लावल्यावर ती स्वभाव बदलत नाही. प्लाझ्मा बदलतो. फिल्टरची कॉइल-कॅपॅसिटर जोडी आणि ब्रीदिंगची फ्रिक्वेन्सी जवळजवळ आली तर दोघं एकमेकांच्या तालावर नाचायला लागतात आणि खरखर कमी करायला लावलेला डबाच धडधड वाढवतो. म्हणून फिल्टर वेगळा, इंजिन वेगळं असं डिझाइन करून भागत नाही. दुसरं, तिथे खरी अर्थिंगची जमीन नाही. थ्रस्टरचा कॅथोडकडचा भाग यानाच्या बॉडीपासून तरंगता ठेवलेला असतो, बॉडीच्या मानाने त्याचं व्होल्टेज प्लाझ्मा ठरवतो, आणि कॉमन मोडचा, म्हणजे दोन्ही तारांतून एकाच दिशेने जाणारा, करंट नेमका कुठून फिरून घरी येतोय याचं चित्र काढताना दोन पेन्सिली संपतात.

आणि टेस्टिंगचा वैताग वेगळाच. रेडिएटेड टेस्टला, म्हणजे हवेतून जाणारी खरखर मोजायला, तुम्हाला काळ्या स्पंजच्या खोलीत जावं लागतं कारण भिंतींवरून लहरी परत आल्या तर मोजमाप खोटं. इंजिन चालवायला मात्र व्हॅक्यूम टाकी लागते आणि ती असते स्टीलची, म्हणजे आतून आरसाच. आवाज आत घुमतो, कुठे दुप्पट दिसतो कुठे गायब. शिवाय टाकीची भिंत विजेची वाहक, झोतातले इलेक्ट्रॉन तिच्यातून शॉर्टकट मारतात, अंतराळात तो शॉर्टकट नाही. यावर काही प्रयोगशाळांनी डोकं लावून टाकीला फायबरग्लासचा भाग जोडला, इंजिन त्या फायबरग्लासच्या पोटात चालवायचं, रेडिओ लहरी त्यातून बाहेर येतात, आणि तो भाग स्पंजच्या खोलीत ठेवून अँटेना बाहेरून लावायची. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा इतका आनंद झाला की दोन दिवस भेटेल त्याला सांगत होतो, घरच्यांनी ऐकून घेतलं.

एक माझ्याच फजितीची गोष्ट, इंजिनाची नाही पण चेंबरची. एका कंपनीचा कंट्रोलर तपासताना तीन दिवस एकच आवाज दिसत होता, डब्यात काय काय बदललं, काही केल्या जाईना, शेवटी वैतागून डबाच बंद केला तरी आवाज चालूच. आत लक्ष ठेवायला लावलेल्या कॅमेऱ्याचा अडॉप्टर होता. तेव्हापासून मी पहिली मोजणी सगळं बंद ठेवून करतो, आणि इंजिनाच्या टेस्टमध्येही हाच नियम पाळावा लागतो कारण व्हॅक्यूम पंप, गॅस कंट्रोलर, जमिनीवरचे पॉवर सप्लाय, सगळे आपापलं गाणं म्हणत असतात.

प्रश्न: इस्रो हे वापरतं का? (तीन पत्रं: धनकवडी, पिंपरी, सातारा)

उत्तर: हो. पहिला प्रयत्न जीसॅट-४, पण १५ एप्रिल २०१० ला रॉकेटच अपयशी झालं. मग ५ मे २०१७ ला जीसॅट-९ गेला, तो साउथ एशिया सॅटेलाइट, त्यावर झेनॉनची इलेक्ट्रिक इंजिनं आहेत. २०२५ मध्ये ३०० मिलिन्यूटनच्या थ्रस्टरची हजार तासांची जमिनीवरची चाचणी पूर्ण झाली. वरच्या ८३ मिलिन्यूटनशी तुलना करा म्हणजे उडी कळेल.

प्रश्न: आम्ही कॉलेजच्या सॅटेलाइट क्लबची मुलं. दहा सेंटिमीटरच्या क्यूबमध्ये पल्स्ड प्लाझ्मा थ्रस्टर बसवायचा विचार आहे, गाइड म्हणतात रेडिओ मरेल. खरंच मरेल का? (शिवाजीनगर)

उत्तर: मरणार नाही, पण बहिरा होईल, आणि तो कधी बहिरा व्हावा हे तुम्ही ठरवायचं. बाकीच्या वाचकांसाठी सांगतो, या थ्रस्टरमध्ये गॅसच नसतो, टेफ्लॉनची वडी असते, नॉनस्टिक तव्यावरचंच टेफ्लॉन. कॅपॅसिटर हजार-दोन हजार व्होल्टला भरायचा आणि वडीच्या पृष्ठभागावरून ठिणगी पाडायची, थोडं टेफ्लॉन वाफ होऊन उडतं, यान पुढे सरकतं. काम काही मायक्रोसेकंदात उरकतं आणि तेवढ्यात करंट शेकडो, मोठ्या थ्रस्टरमध्ये हजारो अँपिअर. असा झटका म्हणजे एका फ्रिक्वेन्सीचा आवाज नाही, टाळी वाजवल्यासारखा, सगळीकडे थोडा-थोडा, तुमच्या ४३५-४३८ मेगाहर्ट्झच्या हौशी बँडमध्येसुद्धा. मोठ्या उपग्रहात अंतराने भागतं, तुमच्या क्यूबमध्ये लांब लांब म्हणजे दहा सेंटिमीटर.

पण घाबरू नका. नासाचा ईओ-१ हा पृथ्वीचे फोटो काढणारा उपग्रह नोव्हेंबर २००० मध्ये गेला, त्यावर हाच प्रकार होता, कॅमेऱ्याचे फोटो बिघडतील म्हणून सगळे धास्तावलेले, प्रत्यक्षात चालवून बघितलं तर फोटो स्वच्छ. तुम्ही असं करा, ठिणगीच्या आधी रिसीव्हरचं तोंड काही मिलिसेकंद बंद, नंतर उघडा, आणि त्या वेळात प्रोसेसर मेमरीत काही लिहीत नसेल एवढं बघा, कारण खरा धोका माझ्या मते रेडिओला नाही, प्रोसेसर मध्येच रिसेट होण्याचा आहे. कॅपॅसिटर ते वडी ही तार जेवढी आखूड तेवढं चांगलं, जाणारी आणि येणारी पट्टी एकमेकींना चिकटून. आणि पुण्याच्या सीओईपी इंजिनिअरिंग कॉलेजच्या मुलांचा स्वयम् उपग्रह आठवा, २२ जून २०१६ ला पीएसएलव्ही-सी३४ वरून गेला, किलोभराचा, त्यांनी दिशा सांभाळायला इंजिनच ठेवलं नाही, नुसती चुंबकं, पृथ्वीच्या क्षेत्राबरोबर आपोआप वळणारी. ना वीज ना खरखर. तुम्हाला थ्रस्टर खरंच हवाय की रिपोर्टमध्ये भारी दिसतो म्हणून हवाय, हे गाइडसमोर नको, आपसात बोलून घ्या.

प्रश्न: शाळेत विज्ञान शिकवते. खोडदच्या जीएमआरटी रेडिओ दुर्बिणी आमच्या शेजारी. आकाशात आता हजारो उपग्रह इलेक्ट्रिक इंजिन लावून फिरतात, तर त्यांच्या इंजिनांचा जीएमआरटीला त्रास होतो का? मुलांनी विचारलं, मी पुढच्या आठवड्यात सांगते म्हटलंय. (नारायणगाव)

उत्तर: बाई, मुलांना सांगा की संशयित बरोबर पकडलाय पण गुन्हेगार बहुतेक शेजारचा आहे. जीएमआरटीच्या ४५ मीटरच्या तीस डिश साधारण १२० ते १४५० मेगाहर्ट्झमध्ये ऐकतात. थ्रस्टरची मोठी धडधड किलोहर्ट्झमध्ये, ती एवढ्या वर येत नाही आणि शेकडो किलोमीटरवरून पोचतही नाही. पोचतो तो उपग्रहातल्या बाकी इलेक्ट्रॉनिक्सचा गळका आवाज. नेदरलँड्सच्या लोफार दुर्बिणीने स्टारलिंकचे ६८ उपग्रह बघितले, २०२३ मध्ये निकाल छापला, त्यातल्या ४७ मधून ११० ते १८८ मेगाहर्ट्झमध्ये आवाज सापडला, जो कुणी मुद्दाम पाठवत नव्हतं. २०२४ मध्ये नव्या पिढीचे उपग्रह बघितले तर ते ३२ पटींपर्यंत जास्त झगझगीत. यातलाच १५०.०५ ते १५३ मेगाहर्ट्झचा तुकडा रेडिओ खगोलशास्त्रासाठी राखीव आहे, आणि जीएमआरटीचा १२० ते २५० चा बँडही बराचसा याच पट्ट्यात येतो. गंमत म्हणा की वैताग म्हणा, जमिनीवर तुमच्या मिक्सरला ईएमसीचे नियम आहेत, पण वर गेलेल्या उपग्रहातून अशा न ठरवता गळणाऱ्या लहरींना तसे नियम नव्हते, म्हणजे कायदा कुणी मोडलेलाच नव्हता.

खोडदच्या डिशना किती बारीक ऐकू येतं याचं एक उदाहरण मुलांना नक्की सांगा. १९ ऑक्टोबर २०१६ ला युरोपचं शियापरेली यान मंगळावर उतरत होतं, त्याचा छोटासा ट्रान्समिटर मंगळाच्या जवळच्या यानांशी बोलायला बनवलेला, आणि तो इथून, जुन्नर तालुक्यातून, थेट ऐकला. उतरताना सिग्नल थांबला तेही इथेच कळलं, यान आपटलं होतं. एवढे तिखट कान असल्यावर त्रास आकाशापेक्षा जमिनीवरूनच जास्त, विजेच्या तारांवरच्या सैल जोडातली ठिणगीसुद्धा त्यांना ऐकू येते. म्हणून ते स्वतःचे कॉम्प्युटरसुद्धा धातूच्या बंद खोलीत ठेवतात, आपलाच आवाज आपल्या कानात जाऊ नये म्हणून. २८ फेब्रुवारीच्या सुमारास विज्ञान दिनाला तिथे प्रदर्शन असतं, शाळेची बस नेता येईल, फक्त फोन बंद करून ठेवा, सायलेंटवर नाही, बंद. आणि कुणाच्या घरी तो माळ्यावरचा रेडिओ असेल तर आदल्या दिवशी वर्गात घेऊन या, कुठला चार्जर सगळ्यात जास्त कोकलतो ते मुलांनाच शोधू दे.